मामाच्या टाचेवरचा डाग

लोक लांबच्या प्रवासाला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी बजाजनगरातून निघून करमाडच्या थोडं पलीकडे गेले आणि परत आले. नकाशावर हे अंतर बोटाच्या एका पेरात मावेल. याला प्रवासवर्णन म्हणावं की नाही, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. पण वाटेत ज्यांनी हात दिला त्यांचे आभार तेव्हा नीट मानता आले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडिलांनी मेंढरं विकली तेव्हा मी लहान होते. तेव्हापासून आम्ही बजाजनगरात एका खोलीत राहतो आणि वडील वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे जातात. माझ्या प्रकल्पाचा विषय आहे त्वचेच्या कर्करोगात नॉन-कोडिंग आरएनएचं काम काय. हे नाव सलग म्हणता यावं म्हणून मी आरशासमोर सराव केला होता. घरी मात्र ‘कातडीच्या आजाराचा अभ्यास’ एवढंच सांगायचे.

त्या मार्चमध्ये आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सगळ्यांना आपापल्या गावाचे फोटो दाखवायला सांगितलं होतं. सहज, चहाच्या वेळी. मी मेंढरांमागे फिरणाऱ्या मामाच्या तळाचा, म्हणजे मुक्कामाचा, फोटो दाखवला. माळावर मेंढरं, मागे घोडं, आणि पुढे दुपारचा झोपलेला मामा, तळपाय आमच्याकडे करून.

“सारिका, टाचेला काय आहे त्यांच्या?” मॅडमनी विचारलं.

मला हसू आलं. “बिब्बा आहे मॅडम. आमच्याकडे सगळ्यांच्या पायाला असतो.”

पायात काटा मोडला की आमची माणसं बिब्बा तापवतात आणि त्याचं चरचरीत तेल त्या जागी लावतात. कातडी काळी पडते, काही आठवड्यांनी सालपटासारखी निघून जाते. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाच्या तळपायाला असा एखादा काळा ठिपका नसेल तर उलट नवल.

“कधी लावलेला?” मॅडम म्हणाल्या.

मी फोनमध्ये मागे गेले. आदल्या वर्षीच्या दिवाळीचा एक फोटो सापडला. त्यातही मामा झोपलेला, त्यातही टाच दिसत होती. डाग त्याच जागी होता, फक्त लहान.

मॅडमनी दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून बघितले. मग म्हणाल्या, “उद्या प्रयोगशाळेत येऊ नकोस. मामांना घेऊन ये.”

परदेशातल्या गोऱ्या लोकांना मेलॅनोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग, बहुतेक उन्हानं होतो. आपल्या लोकांत मात्र तो पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली निघतो, जिथं ऊन पोचत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. सहा महिने संगणकावर अशाच डागांच्या कडा मोजत होते. आणि दिवाळीत त्याच पायाला हात लावून मामाच्या पाया पडले होते.

करमाड

मामाचा फोन दोन दिवस बंद होता. शेवटचं बोलणं झालं तेव्हा तळ करमाडजवळ होता. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तळावर वीज कुठली, फोन चार्ज करायचा तर गावात जावं लागतं, आणि गावात पाणी नसलं की मेंढरंवाल्यांना कुणी फार वेळ थांबू देत नाही. आईनं दोन भाकरी बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाली, “त्याला घाबरवू नको. घाबरला की तो हसतो, आन हसला की ऐकत नाय.”

बजाजनगरातून स्टँडवर आणि तिथून जालन्याच्या एसटीनं करमाड. आई सांगते, पूर्वी चिकलठाणा सोडलं की शेतं लागायची. आता शेंद्र्यापर्यंत कारखाने, गोदामं आणि मधेमधे प्लॉटिंगच्या कमानी. कमानींच्या आत घरं नव्हती, नंबर लिहिलेले दगड होते. रस्त्याकडेला विहिरीपाशी टँकर रांगेत उभे होते आणि ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते.

करमाडला चहाच्या हॉटेलवाल्या काकांना विचारलं.

“मेंढरंवाले? कोनचे? म्हसूचे का, लाल पटक्याचा?”

“व्हय. माझे मामा.”

“परवा हितंच व्हते. पानी भेटंना म्हनून सरकले लाडसावंगीच्या अंगाला. तू एकटी जानार? पायी?” त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. “कॉलेजची दिसती.”

मग त्यांनी एका दूधवाल्याला थांबवलं. रिकाम्या कॅन घेऊन परत चालला होता. एक कॅन मात्र पूर्ण रिकामी नव्हती आणि तीच माझ्या मांडीवर आली. पहिल्याच खड्ड्यात तळाचं सगळं दूध माझ्या ओढणीवर सांडलं. ऊन असं होतं की पाच मिनिटांत ते वाळलं आणि आंबूस वास यायला लागला. दूधवाला वाईट वाटून सारखा म्हणत होता, “ताई, चुकी रस्त्याची हाय.” त्यानं मला तीन ठिकाणी विचारत विचारत तळापर्यंत पोचवलं आणि नाव न सांगताच गाडी वळवून निघून गेला. हॉटेलवाल्या काकांनी जाताना पाण्याची बाटली भरून दिली होती. तिच्यातलं पाणी किती दुरून आलं असेल हे मला तिथली रिकामी पिंपं बघून कळलं होतं.

प्लॉट नंबर अठ्ठावीस

मामाचा तळ माळावर नव्हता, एका प्लॉटिंगमध्ये होता. कमानीवर धबधब्याचं चित्र, आत एकही घर नाही. राखणदारानं मेंढरं बसवायला परवानगी दिली होती, कारण रस्त्याकडेला लावलेली झाडं वाळत होती आणि त्यांना लेंडीखत हवं होतं. तीन कुटुंबं तीन प्लॉटवर उतरली होती.

“ये, ये,” ठकूमामी म्हणाली. तिनं दगडावरच्या आकड्याकडे बोट केलं. “हा आपला बंगला. अठ्ठावीस नंबर. शेजारी लई चांगले हायेत, गडबड नाय काय नाय.” मग नाक आक्रसून म्हणाली, “आन तुझा दुधाचा धंदा कवापासून?”

मेंढीच्या दुधाचा दाट चहा झाला. हुलग्याचं माडगं झालं. शहरात मला सारखं वाटत असतं की मी चुकीच्या जागी हात ठेवते, चुकीचा चमचा उचलते. इथं वाटी हातात आली आणि ते वाटणं थांबलं. पण ज्यासाठी आले होते ते तोंडातून निघेना. शेवटी ऊन उतरल्यावर मी म्हणाले, “मामा, टाच दाखवा.”

मामा हसला. आईचं खरं होतं.

“कामून? पाया पडायचं राह्यलं का?”

“दाखवा की.”

डाग रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा होता. एका बाजूनं काळाकुट्ट, दुसऱ्या बाजूनं तपकिरी, कड नदीच्या काठासारखी वेडीवाकडी. मधे एक जागा ओलसर होती.

“बिब्बा हाय,” मामा म्हणाला.

“कधी लावला?”

त्यानं मामीकडे बघितलं. मामीनं हिशेब केला. “काटा मोडला व्हता. पैठणच्या अंगाला व्हतो आपुन. दोन दिवाळ्या झाल्या. मंग जाईना म्हनून पुन्ना लावला. पुन्ना बी लावला.”

“मामी, तुमचा पाय बघू.”

तिच्या पायाला आठ दिवसांपूर्वीचा बिब्बा होता. गोल, कोरडा, सगळीकडे सारखा. कडेची कातडी सुटायला लागली होती. मी दोघांचे पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.  मामीनं वाकून आधी आपला डाग बघितला, मग त्याचा, मग परत आपला. तिनं आपल्या डागाची सुटलेली कड नखानं उचलली. मामाच्या डागाला उचलता येईल अशी कडच नव्हती, तो कातडीच्या आत होता.

“हा बिब्बा न्हाई,” मामी म्हणाली. बराच वेळ तिनं हात त्याच्या घोट्यावरून काढला नाही. “म्या तीनदा जाळला.”

“तुमच्या जाळण्यानं झालेला नाही मामी. तो आधीच होता.” हे मला खात्रीनं माहीत नव्हतं. पण मॅडमनी नंतर तेच सांगितलं, म्हणून आता अपराधी वाटत नाही.

मामा पाय आखडून घेत म्हणाला, “बरं, आसंल. पाऊस पडला की येतो दवाखान्यात. आता मेंढरं कोन बघंल?”

“पाऊस कवा पडंल ते तुमाला कोन सांगून गेलं?” मामी म्हणाली. “हितं पानी दोन दिसाचं हाय. दोन दिसांनी आमी चालायचं. तुमी ह्या पायावर चालनार?”

“चाललोच की आतापत्तोर.”

“म्हनूनच सांगते.”

मग तो माझ्याकडे वळला, विषय बदलायला. “तू नेमकं शिकती काय? तुझी आई म्हनती कातडी. कातडी तर मेंढराची बी असती.”

मी सांगायला लागले आणि अडखळले. म्हणाले, शरीराच्या प्रत्येक कणात काय काय बनवायचं ते लिहिलेलं असतं. आरएनए म्हणजे त्या लिहिलेल्याची उतरवून घेतलेली प्रत. काही प्रतींवरून खरंच माल बनतो, कातडीचा, केसाचा, रक्ताचा. पण पुष्कळशा प्रतींवरून काहीच बनत नाही. लोकांना आधी वाटायचं हा नुसता कचरा आहे. आता कळलंय की कुठलं काम चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे त्यातल्या काही प्रती ठरवतात. त्यांना नॉन-कोडिंग म्हणतात. वर्गात मी हे बरं सांगते. तिथं, मेंढरं परतत असताना, प्रत्येक वाक्य मला पोकळ वाटत होतं.

मामी चूल फुंकता फुंकता म्हणाली, “म्हंजे आपल्या ढवळ्यावानी.”

ढवळ्या म्हणजे त्यांचं कुत्रं. तो तेव्हा कळपाच्या कडेनं फिरत होता.

“त्याचं दूध न्हाई, लोकर न्हाई, इकाया गेलं तर कुनी घेत न्हाई. पन त्यो बसला तर मेंढरं गावभर व्हत्याल.”

“व्हय मामी. तसंच काहीतरी.”

“आन कुत्रं चोराला सामील झालं तर?” मामा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. मेलॅनोमात काही नॉन-कोडिंग आरएनए नको तितके वाढलेले दिसतात. ज्या पेशीनं थांबायचं तिला ते थांबू देत नाहीत, आणि तिला दुसरीकडे पसरायला मदत करतात असं दिसतं. काही राखणारे असतात, ते कमी झालेले असतात. कुठलं कुत्रं फितूर आणि कुठलं झोपलेलं, एवढाच आमचा प्रकल्प आहे. हे मी मामाला तसंच सांगितलं.

“मंग माझ्या टाचंतलं कुत्रं धरून तू माझा पाय बरा करनार?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तो लगेच निघाला असता. पण मामी ऐकत होती आणि मला ते जमलं नाही. “नाही मामा. त्यानं तुमचा पाय बरा होणार नाही. तुमचा पाय बरा होईल तो डॉक्टरांनी डाग लवकर कापला तर. माझा अभ्यास पुढच्या कुणाच्या तरी कामाला येईल. तोही आला तर.”

 मामीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “सकाळी जायाचं. घोडं करमाडपत्तोर म्या आनते.”

गुलमंडी

सकाळी मामा घोड्यावर, मामी लगाम धरून पुढे, मी मागे. करमाडला तिनं त्याला जीपमध्ये बसवलं, माझ्या हातात त्याची पिशवी दिली आणि मागे न बघता घोडं वळवलं. मामा मला म्हणाला, “रडती ती. म्हनून वळून बघत न्हाई.”

दवाखान्याची वेळ दुपारची होती. शहरात उतरल्यावर मामा म्हणाला, आधी गुलमंडीच्या बाजारात जायचं. डॉक्टरापुढे मळका पटका बांधून तो जाणार नव्हता. मला घाई होती, मॅडमचा फोन येऊन गेला होता, पण आईचं सांगणं आठवून मी गप्प बसले. कापडाच्या दुकानात म्हातारे चाचा बसले होते. मामा लंगडत पायरी चढला तसे ते उठले.

“आव मामू, बैठो पयले. पैर को क्या हुआ?”

“डाग हाय. दाखवाया चाललो.”

“अच्छा करे, आगये. लोगां घर में बैठ के रहते. लाल दिखाऊं?”

“लालच.”

चाचांनी मामाला आरशासमोर बसवून पटका बांधायला मदत केली, पण शेवटचा पदर मामानं त्यांना बांधू दिला नाही. दोघं त्यावर बरंच हसले. निघताना चाचांनी आपल्या पोऱ्याला सांगायच्या ऐवजी स्वतः रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला बजावलं, “गड्ढे देख के चलाना.”

दवाखाना

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी मामाला नमस्कार केला आणि “दादा, पटका छान आहे,” म्हणाल्या. मामानं माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेनं पाहिलं. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून डाग पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी तुकडा तपासायला घेतला.

अहवाल येईपर्यंत मामा आमच्या खोलीत राहिला. बजाजनगरात नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि आई बादलीभर पाण्यात त्याची अंघोळ, कपडे, सगळं बसवायची. संध्याकाळी वडील कामावरून आले की दोघं ओट्यावर बसायचे. मामा कारखान्याच्या भिंतीकडे हात करून सांगायचा, “ती भिंत हाय ना, तितं म्या मेंढरं बसवली व्हती. ज्वारी मिळाली व्हती पोतंभर.” वडील म्हणायचे, “मी तितंच मशीन पुसतो.”  मला त्या आठवड्यात झोप लागली नाही, मामाला लागत होती.

अहवालात मेलॅनोमा आला. डॉक्टरांनी मामाला समोर बसवून, मला नाही, त्यालाच सगळं सांगितलं. जांघेत गाठ लागत नाही, तपासणीत पसरलेलं दिसत नाही, डागाची खोली अजून फार नाही. टाचेची कातडी आजूबाजूच्या चांगल्या भागासकट काढावी लागेल, मांडीची कातडी आणून तिथं बसवावी लागेल. पाय राहील. नंतर दर काही महिन्यांनी दाखवायला यावं लागेल, ते चुकवायचं नाही.

“अजून वर्षभर थांबला असता तर मी वेगळं बोलत असतो,” डॉक्टर म्हणाले.

“ही न्यायला आली,” मामा म्हणाला. मी खाली बघितलं, कारण दिवाळीतही मी आलेच होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. काढलेल्या डागातला छोटा भाग प्रकल्पासाठी मागायचा होता. पण नियम असा, की ज्याला मागायचं त्याचं कुणी नातलग तिथं असता कामा नये, नाहीतर माणूस भिडेखातर हो म्हणतो. तो हो म्हणाला की नाही, हेही मला सांगितलं जाणार नाही. नमुन्याच्या नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो.

“तू बाहेर बस,” त्या म्हणाल्या. “आणि विचारू नकोस. त्यांनाही नाही.”

दार बंद झालं. मी बाकावर बसले. आतून आधी परक्या डॉक्टरबाईंचा संमतीपत्र वाचून दाखवण्याचा आवाज येत होता, मग मामाचा, मग हसू. घाबरल्याचं होतं की खरं, ते दारातून कळेना. मला खूप वाटत होतं की त्यानं हो म्हणावं, आणि त्याहून जास्त वाटत होतं की माझ्यासाठी म्हणू नये.

ऑपरेशन नीट झालं. मामीचा फोन दुसऱ्या दिवशी आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर लांब जाऊन लावलेला. तिनं आधी पायाचं विचारलं, मग जेवला का विचारलं. मग म्हणाली, “हितं समद्यांचे पाय बघितले म्या. शेजारच्या तळावरचे बी. एका बाईचा डाग मला बरा दिसंना. तिला फोटो काढाया लावते, तू तुझ्या मॅडमला दाव.” तो डाग साधाच निघाला. पण मॅडमनी तो फोटो दोनदा नीट बघितला आणि मामीला स्वतः फोन करून सांगितलं.

टाके निघाल्यावर मी मामाला जीपनं तळावर सोडून आले. तळ आता आणखी दोन गावं पुढे गेला होता. वाटेत एकदा, न राहवून, मी म्हणाले, “मामा, त्या दिवशी तुम्ही आत...”

“मॅडमनं सांगितलं हाय, बोलायचं न्हाई,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. “आन तुला बी सांगितलं हाय, इचारायचं न्हाई.”

त्यानंतर दोन आठवड्यांनी फ्रीजरमधून नमुन्यांची नवी पेटी निघाली. बारा नळ्या, बारा आकडे. आरएनए इतका नाजूक असतो की उघड्या बोटाच्या स्पर्शानंसुद्धा तुटतो, म्हणून हातमोजे घालायचे, बर्फ जवळ ठेवायचा, झाकण लागेल तेवढंच उघडायचं. या बारांत मामा आहे की नाही, मला माहीत नाही. कुणाचा तरी मामा प्रत्येकीत आहे. मी हातमोजे बदलले, बर्फ पुन्हा भरून आणला आणि पहिली नळी उचलली.